तोरंगण घाटातून परत

डहाणूला चाकं बुडवायची ठरलं होतं.
पुढचं चाक खाऱ्या पाण्यात, मग भजी,
मग सायकली टेम्पोत टाकून नाशिक.
वाल्मीक गांगुर्डेनं हे सगळं
लाइट बिलाच्या पाठीवर लिहिलेलं, मिनिटांसकट.
चौतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस,
केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळतो.
वादळ तेवढं त्यानं धरलं नव्हतं.

पहाटे साडेचारला सातपूरच्या सर्कलला
पान हलत नव्हतं.
"गुजरातेकडं वळणारे ते," तो म्हणाला,
"रात्री बातम्यांत होतं."
मी काही बोलले नाही. रेनकोट
कॅरियरला दोनदा आवळून बांधला.

महिरावणीपर्यंत रस्त्याला दिवे.
अंजनेरीपाशी उजाडलं,
म्हणजे काळ्याचं राखाडी झालं, इतकंच.
डोंगर दिसेना. त्याच्या जागी कुणीतरी
ओलं घोंगडं वाळत टाकलेलं.
त्र्यंबकला चहावाल्यानं आधी सायकली बघितल्या,
मग आमची वयं,
आणि न विचारता साखर जास्त घातली.

आंबोलीच्या पुढं तो आला.
वारा म्हणायची सवय आहे म्हणून वारा म्हणते.
उताराला पायडल मारावं लागलं.
उताराला!
चढानं छळलं तर माणूस समजून घेतो,
पण हा तर आपलाच उतार,
घामानं कमावलेला.
वाल्मीकनं त्याला शिवी दिली,
ती वाऱ्यानं माझ्याकडं आणून टाकली.

खुरासणीची पिवळी वावरं
एकदम निजायची, एकदम उठायची.
नागलीत एक बाई इरलं दोन्ही हातांनी धरून उभी,
आणि इरलं तिला
मोखाड्याच्या उलट दिशेनं ओढतंय.
आम्हाला बघून ती काहीतरी ओरडली.
परत फिरा, असं मला वाटलं.
"शाबास म्हणतेय," वाल्मीक म्हणाला.

पाऊस आडवा. चष्मा खिशात.
समोर फक्त त्याचा लाल मडगार्ड,
आणि कधीकधी तोही नाही.

"ओठ चाट!"
चाटले.
"खारट?"
खारट होते. घाम की समुद्र,
एवढं विचारायला श्वास शिल्लक नव्हता.

घाटाच्या तोंडाशी सादडा आडवा पडलेला,
मुळं आभाळाकडं,
मुळांच्या लाल मातीत एक गोगलगाय,
तिला अजून काही कळलेलं नव्हतं.
पलीकडं जीप. जीपमधनं उतरलेली म्हातारी,
पाटीत सुके बोंबील, वर प्लॅस्टिक,
प्लॅस्टिकवर तिचा तळहात.

"कुठनं आलात, मावशी?"
"डहाणू. रातीच निघालू."
"दर्या कसा आहे?" वाल्मीकनं विचारलं,
आजारी नातेवाइकाचं विचारावं तसं.
ती हसली.
"दर्या माझ्या घरात हाय.
म्हणून तर मी हितं हाय."

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
तिनं खोडावरनं बोंबलाची जुडी दिली,
त्यानं खोडावरनं नोट दिली,
सुटे दोघांकडंही नव्हते,
तर तिनं आणखी एक जुडी दिली.
वाल्मीकनं सायकल पुढं ढकलली,
चाक ओल्या खोडाला टेकवलं,
बिल काढून त्यावर वेळ लिहिली,
शाई लगेच पसरली.

परतताना वारा पाठीशी.
चढ आले आणि गेले, पाय नुसते सोबतीला.
एवढ्या वेगात मी आयुष्यात चालवली नव्हती,
आणि मजा येत होती,
आणि मजा येतेय याची
त्र्यंबकपर्यंत लाज वाटत राहिली.
तिथून पुढं अंजनेरीची कुत्री
बोंबलाच्या वासावर मैलभर मागं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन.
"चेन बघितलीस? गंजलीय.
एका रात्रीत. खारी हवा, दुसरं काय!"

पावसानंसुद्धा गंजते चेन.
त्याला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.
मी पोर्चमध्ये गेले, वाकले,
बोट फिरवून बघितलं.

"हो," म्हणाले, "माझीही."